बसबाई आणि टपावरची शेळी

शाळेची बस अठ्ठावीस वर्षं चालवल्यामुळे तिला सगळे बसबाईच म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, पुढेपुढे कुरिअरची पाकिटंही त्याच नावानं यायला लागली. इतक्या वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा उठला नव्हता. ही गोष्ट ती स्वतःहून सांगत नसे. दुसऱ्या कुणीतरी सांगावी अशी व्यवस्था मात्र करत असे.

निवृत्त झाली आणि तिच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. मागे चाळीस मुलं ओरडत नाहीत, दर दोन मिनिटांनी थांबा नाही, अशी एक छोटी गाडी परक्या देशातल्या डोंगररस्त्यांवर चालवायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. सोबत कोण, तर नणंद. बसबाई तिला लग्न झाल्यापासून वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची, जरी वन्सं तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होत्या.

वन्संची सारी नोकरी कोर्टात टायपिंग करण्यात गेली होती. कुठलाही कागद शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचा, कारण खरी गोम खालीच दडलेली असते, असं त्यांचं ठाम मत. औषधाच्या बाटलीतला कागदही त्या तसाच वाचत.

दोघी निघाल्या. तिथल्या विमानतळावर गाड्या भाड्यानं देणाऱ्याच्या काउंटरवर एक गोड बोलणारा माणूस बसला होता. त्यानं समजावलं की भाड्यात साधा विमा आहेच. दुसऱ्या कुणाला इजा झाली, दुसऱ्याची गाडी फुटली, तर ते त्यात येतं. पण या गाडीचं नुकसान झालं, तर पहिला हिस्सा भाडेकरूच्या खिशातून जाणार. तो हिस्सा केवढा, हे ऐकून बसबाईच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रकमेत घरी एक बरी स्कूटर आली असती. मग तो म्हणाला, रोज थोडे जास्त भरा आणि 'पूर्ण संरक्षण' घ्या, काही झालं तरी तुम्हाला एक पैसा द्यावा लागणार नाही.

बसबाईनं मान ताठ केली आणि आपली अठ्ठावीस वर्षं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. तो अदबीनं म्हणाला, तुम्ही चांगल्याच चालवत असाल, पण रस्त्यावर बाकीचेही असतात.

हे बोलणं बसबाईला पटलं आणि तिनं पेन उचललं. तेवढ्यात वन्संनी अटींचा कागद मागून घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि खालून वर वाचायला घेतलं. मागची रांग चुळबुळायला लागली. वन्संना त्याचं काही नव्हतं.

"वहिनी, यांच्या 'पूर्ण'मध्ये टायर नाहीत, काचा नाहीत, गाडीचं पोट नाही आणि टप नाही," त्या म्हणाल्या. "छत्री देतायत, पण कापड नसलेली."

मग त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. निघण्याच्या तीन आठवडे आधी, वहिनीला न सांगता, त्यांनी भाड्याच्या गाडीसाठी वेगळा विमा घेऊन ठेवला होता. काउंटरवाल्याच्या निम्म्यापेक्षाही कमी पैशांत, आणि त्यात टायर, काचा, पोट, टप सगळं होतं. फक्त एक डोकेदुखी होती. काही झालं तर गाडीवाले आधी कार्डावरून पैसे कापणार आणि मग आपण कागद पाठवून ते विम्याकडून परत मिळवायचे. म्हणजे याच्याकडे त्रास नाही पण भोकं आहेत, आपल्याकडे भोकं नाहीत पण त्रास आहे, असं वन्संनी सांगितलं. आणि त्रास घ्यायला मी आहे, असंही.

बसबाईनं फक्त साध्या विम्यावर सही केली. स्कूटरएवढी रक्कम अनामत म्हणून तिच्या कार्डावर अडकवून ठेवली गेली. मग वन्संनी गाडीचे चौसष्ट फोटो काढले. टपाचे फोटो सूटकेसवर उभं राहून.

त्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, आणि दिवे दाखवायची दांडीही उलट्या हाताला. त्यामुळे प्रत्येक वळणावर बसबाई दिवा दाखवायला जायची आणि लख्ख उन्हात वायपर काचेवर खरवडायला लागायचे. पहिल्यांदा दोघींनी न बघितल्यासारखं केलं. चौथ्यांदा वन्संना हसू आवरेना. सातव्यांदा बसबाईला गाडी कडेला घ्यावी लागली, कारण डोळ्यांतल्या पाण्यानं समोरचं दिसत नव्हतं. घाटात खिडक्या खाली करून तिनं उगाचच हॉर्न वाजवला. शाळेच्या बसवर असा कधी वाजवला नव्हता. दरीनं तो परत दिला, तसा हिनं पुन्हा वाजवला.

तिसऱ्या दिवशी दरी बघायला त्यांनी एका दगडी भिंतीलगत गाडी उभी केली आणि पुढे चालत गेल्या. मागे 'डम्' असा आवाज झाला. वळून बघतात तर भिंतीवरची एक लठ्ठ शेळी शांतपणे गाडीच्या टपावर उतरली होती. तिला जागा आवडली असावी. तिनं दोनदा गोल फिरून पाय रोवले आणि टप परातीसारखा आत गेला.

शेळीचा म्हातारा मालक ओशाळून धावत आला. त्यानं तिला खाली ओढलं आणि आतून बुक्की मारून पोचा काढायला तो गाडीत वाकला.

"हात लावू नका," वन्सं मराठीतच कडाडल्या, आणि म्हातारा जागच्या जागी थांबला. विम्याच्या कागदात लिहिलं होतं, परस्पर दुरुस्ती करायची नाही, फोटो काढायचे आणि चोवीस तासांत कळवायचं. वन्संनी फोटो काढले आणि फोन लावला. फोनवरच्या मुलीनं ठरलेले प्रश्न विचारले. दुसऱ्या वाहनाचा क्रमांक काय, हाही. वन्संनी तिला जरा थांबायला सांगितलं, शेळीजवळ गेल्या आणि कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा वाचून दाखवला. मग मुलीनं तो आकडा पुन्हा एकदा विचारला. हसू दाबताना तिचा आवाज नीट लागत नव्हता.

बसबाई भिंतीवर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. वन्सं घाबरल्या. अठ्ठावीस वर्षांच्या लौकिकाला डाग लागला, आता हिला कसं समजवायचं? जवळ जाऊन बघतात तर वहिनी हसत होती.

"वन्सं, पहिल्या पोच्याच्या धास्तीनं मी रोज पहाटे दचकून उठायचे," ती म्हणाली. "आला एकदाचा. आणि तेव्हा मी गाडीत नव्हतेसुद्धा."

म्हाताऱ्यानं दोघींना शेळीचं कोमट दूध पाजलं. ती दोषी शेळीच शेजारी उभी होती.

गाडी परत करताना गोड माणसानं टपाकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि दुरुस्तीची रक्कम कार्डावरून कापली. वन्संनी त्याच्याकडून करारनामा, नुकसानीचा अहवाल आणि दुरुस्तीचं बिल, सगळं सहीशिक्क्यानिशी मागून घेतलं. घरी येऊन पाठवलं. विमेवाल्यांनी आणखी एक कागद मागितला, कार्डावरून पैसे गेल्याचा. तोही धाडला. सहा आठवड्यांत सगळी रक्कम जमा झाली.

या घडीला वन्सं एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकतायत. शिकवते अर्थात बसबाई, रविवारी सकाळी, रिकाम्या मैदानात. पहिल्याच धड्यात वन्संनी गाडी कुंपणाला नेऊन भिडवली. दोघी खाली उतरल्या, वाकून पोचा बघितला, आणि हसता हसता तिथंच गवतावर बसल्या.