काकूंची उतरंड

भूकंपानंतर लातुरात दोन धंदे जोरात चालले: भेगा बुजवणाऱ्या गवंड्यांचा आणि बारावीच्या क्लासेसचा. माझे वडील नांदेडला मास्तर. पोरीनं डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी मला, जिथली जमीन नुकतीच हलली होती, नेमकं त्याच गावात आणून टाकलं. नांदेडात काय क्लास नव्हते? पण नाही, पॅटर्न लातूरचाच पाहिजे. पोरगी ढिगाऱ्याखाली गेली तरी चालेल, मेरिट जायला नको.

मी आणि माझी मैत्रीण एका काकूंच्या घरी कॉट भाड्यानं घेऊन राहायचो. काकूंचा सरकारवर, वेधशाळेवर, रेडिओवर कशावरच भरोसा नव्हता. भरोसा फक्त भांड्यांवर. स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांनी उतरंड रचली होती: पालथा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा. हादरा बसला की हे सगळं खणखणत खाली येणार आणि आम्ही बाहेर पळायचं. तेव्हा गल्लीत घरोघरी असं काहीतरी रचलेलं असायचं, पण काकूंचा थाट न्यारा. चुकून फळीला कोपर लागलं तर पृथ्वी आम्हीच हलवल्यासारख्या बघायच्या.

मैत्रीण भूकंपात पडलेल्या गावची. त्या पहाटे तिचे वडील, अण्णा, शेतात राखणीला होते, ती मावशीकडे, आणि आई घरात. आई गेली. अण्णा पत्र्याच्या शेडात राहायला गेले आणि ही लातुरात शिकायला आली. लई आगाऊ पोरगी. केस खांद्यापर्यंत कापून आली, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. ते दोन दिवस फार सुखाचे गेले. क्लासला दांडी मारून मला सायकलवर डबलसीट बसवून रसवंतीवर न्यायची. "गणित पोरींना झेपत न्हाई," असं सर म्हणाले, तेव्हा उभी राहून म्हणाली, "तुम्ही शिकवून तर बघा, सर." अख्खा वर्ग हसला, सर सोडून. माझं बंड तेवढं मोठं नव्हतं. मी यातलं काहीही घरी कळवायचे नाही, बस्स.

परीक्षा तोंडावर आली आणि अण्णा निरोप घेऊन आले. रविवारी पाहुणे बघायला येणार, इथंच, काकूंच्या बैठकीत. जमलं तर महिन्याच्या आत लग्न. "शेडात तरणी पोर कुठं ठेवू? माझं काही झालं तर?" असं ते काकूंना सांगत होते, आणि काकू मान डोलवत होत्या. परीक्षेचं काय, तर मुलाकडचे म्हणाले होते, "ते पुढं बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

अण्णा गेल्यावर ती मला म्हणाली, "रविवारी तू उतरंड पाडायची."

"येडी झालीस का? तुला भीती न्हाई वाटत?"

"माझं आता काय पडायचं राहिलंय?"

मी काकूंचं लाटणं कुठं असतं ते बघून ठेवलं.

रविवारी अण्णा आले, मागोमाग पाहुणे आले. मुलगा खुर्चीत असा बसला होता, जणू फोटो काढायला आलाय. त्याच्या मामांनी काकूंना विचारलं, "मुलगी शांत आहे ना?" काकू म्हणाल्या, "अहो, गाय आहे गाय." मधल्या खोलीत गाय पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती, पाड, पाड. मी स्वयंपाकघरातून उतरंडीला लाटण्यानं ढोसलं. असा आवाज झाला की माझंच काळीज हललं.

"भूकंप!" काकू किंचाळल्या.

बैठक एका दमात रिकामी झाली. मुलगा सगळ्यांत पुढे. त्याची आई दारात अडखळून पडली, तिला ओलांडून गेला बहाद्दर! काकूंच्या हाकेनं गल्लीही रस्त्यावर आली. मी मागच्या दारानं पळून पुढे आले, हसू दाबत. बघते तर अण्णा कुठंच नाहीत.

सगळे बाहेर पळाले, तेव्हा ते आत पळाले होते. थोड्या वेळानं बाहेर आले ते तिला उचलून. सतरा वर्षांची घोडी, आणि त्यांनी तिला लहान लेकरासारखं छातीशी धरलं होतं. तिच्या अंगावर पोहे सांडले होते. रस्त्यावर आले तरी खाली ठेवेनात. माझं हसू जागच्या जागी मेलं.

तिकडे मामांनी निकाल लावला: पोरगी समोर यायच्या आधीच जमीन हलली, असली अवलक्षणी सून नको. पाहुणे पोहे न खाताच गेले. काकू शेजारणींना सांगत होत्या, रेडिओच्या आधी माझ्या भांड्यांना कळलं बघा. आमचं काम फत्ते झालं होतं. गप्प बसलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं.

पण ती गप्प बसली नाही. अण्णा ओट्यावर बसले होते, पाण्याचा पेला बाजूला तसाच भरलेला. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "अण्णा, हादरा नव्हता. मीच पाडायला लावलं."

माझं नाव घेतलं नाही तिनं. अण्णा उठले, हात उगारला. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. उघडले तर ते पुन्हा खाली बसलेले.

"लगीन नको होतं, तर तोंडानं सांगायचं की गं."

"सांगितलं होतं."

"कवा?"

"दर खेपेला, तुम्ही लग्नाचं काढलं की. तुम्ही हसण्यावारी न्यायचा, अण्णा."

ते तिच्या ओढणीला चिकटलेले पोहे एकेक करून झटकायला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आठवडाभर मी तो साठवला होता. पण त्या क्षणी मला त्या माणसाची फक्त दया आली.

मग त्यांनी विचारलं, "परीक्षा कवा हाय?"

तिला सांगता येईना. सरांना उलट बोलणारी, काकूंना न जुमानणारी ती पोरगी ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती. मग तारीख मी सांगितली.