भांग साहेबांची, गांजा माझा

"पदर सोड," गेटवरचा वॉचमन म्हणाला.

बायकांची झडती घेणारी बाई त्या दिवशी कामावर आली नव्हती. पहिली शिफ्ट नुकती सुटलेली. चिंचवडच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर सायकली धरून माणसं खोळंबलेली आणि मधोमध मी. मी पदर सोडला नाही. त्यानंच टोकाची गाठ ओढून उघडली. वाळका हिरवा पाला खाली सांडला. तो उचलून त्यानं हुंगला आणि ओरडला, "गांजा! कँटीनवाली गांजा घेऊन चाललीय!"

कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं, आता इथंच लुगड्यात मुतायला होणार. खोटं कशाला सांगू? भीतीनं छाती धडधडते असं लोक म्हणतात. माझी भीती बेंबीच्या खाली होती.

सगळी शिफ्ट बाहेर पडेपर्यंत त्यानं मला तिथंच उभं ठेवलं. "बघू दे सगळ्यांना," म्हणाला. पिंपळे गुरवला आमच्या शेजारी राहणारे दोघं मान खाली घालून गेले. बाकीचे बघत बघत गेले.

तो पाला आला कुठून, ते सांगते. त्या दिवशी महाशिवरात्र होती. सकाळीच मुकादमानं मला साहेबांच्या बंगल्यावर पाठवलं. पर्सोनेलचे मोठे साहेब. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं त्यांच्या हातात. घरी पाहुणे आले होते, थंडाई करायची होती. माझ्यासाठी पाटा परसात मांडलेला. घरात नाही. मी घरात घेण्यासारखी नाही, हे बाईसाहेबांनी जात न विचारताच ओळखलं होतं. मी बडीशेप वाटली, मिरी वाटली, बदाम वाटले. मग त्यांनी भिजवलेला पाला आणून दिला. म्हणाल्या, "भांग आहे. गंधासारखी बारीक वाट. महादेवाचा प्रसाद आहे."

वाटून वाटून खांदे भरून आले. आत साहेब ग्लास रिकामे करत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. निघताना बाईसाहेबांनी उरलेला कोरडा पाला वरून माझ्या ओंजळीत टाकला. "घे, तुमच्या महादेवाला वाहा."

प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. आणि लुगड्याला खिसा नसतो. मी पदराला गाठ मारली, कँटीनमध्ये परत आले, भांड्यांच्या ढिगाला लागले आणि ती गाठ विसरून गेले. झाला माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. सोबत युनियनचे भाऊ होते. तिथलेच, मावळातले. मी मात्र बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेली, नवरा फाउंड्रीत छाती खराब करून घरी बसलेला. ही नोकरी गेली तर चूल कशी पेटणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांत बोलले.

"गांजा आपल्याकडे गंभीर गुन्ह्यात मोडतो. कामावरून कमी करायचं, पोलिसांत द्यायचं. तो किरकोळ गुन्ह्यात घ्यावा, थोडी ढील द्यावी, असं तुमच्या युनियनचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं. तुझ्यापासूनच सुरुवात करू. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हण, माझ्याकडे गांजा सापडला, माफ करा. विषय संपला."

"साहेब ढील देत्यात तर घे की, बाई," भाऊ म्हणाले. "पोलिसांच्या हाती लागलीस तर काय खरं न्हाई."

वस्तीतल्या एका बाईला चौकीत नेलं होतं, ती परत आल्यावर कुणाशी बोलत नसे. म्हटलं, म्हणून टाकावं. एक शब्द तर आहे. तो जिभेवर आलाही होता.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "तुमच्या वस्त्यांमध्ये हे चालतंच. मला कळतं."

माझं डोकंच फिरलं.

"साहेब, ती भांग व्हती," मी म्हणाले. "तुमच्या घरची."

"भांग वेगळी, गांजा वेगळा. तुला नाही कळायचं ते."

"म्याच वाटली न्हवं? त्याच पाल्यातली. तुमच्या गिलासात व्हती तवर परसाद, अन् माझ्या पदरात आली की गांजा?"

भाऊंनी मला कोपरानं ढोसलं. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

"पोलिसांना बोलावू?"

"बोलवा. त्यास्नी बी हेच सांगते. बाईसाहेबांस्नी बी बोलवा."

त्यांनी हात काढून घेतला. मी बाहेर आले आणि भिंतीला धरून खाली बसले.

पुढच्याच आठवड्यात मला काढलं. कारण सांगितलं, उद्धट वर्तन. गांजाचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बंगल्याचंही निघालं असतं.

काही महिन्यांनी भाऊ घरी आले, खुशीत. मागणी मान्य झाली होती. "गांजा आता किरकोळात आला, बाई. गांजा व्हता म्हणून माफी माग, तुला परत घेत्यात." नवरा खोकत खोकत माझ्याकडे बघत होता. घरात पीठ नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊ, गुन्हा लहान केलात. पण ठेवलात माझ्याच माथी."

मला ढील नको होती, आजही नको. नियम हवा तेवढा कडक करा, पण तो आधी बंगल्यावर लावा, मग माझ्या दारात या. खाकी कपडे दिसले की अजून मी रस्ता बदलते. बदलत राहीन. पण जे मी केलं नाही, ते माझ्या तोंडून कुणी वदवून घेणार नाही. पोलीस नाही, साहेब नाही, आणि उपाशी पोटही नाही.