पाहुण्याचा रिमोट

आमच्या साडूंनी आजवर कुणालाही, कोणत्याही कारणाने, व्हिडिओ गेममध्ये जिंकू दिलेलं नाही. सासरे पहिल्यांदा त्यांच्या घरी मुक्कामाला आले तेव्हा हातातली पिशवी ठेवायच्या आत त्यांना रिमोट देऊन साडूंनी लागोपाठ अकरा वेळा हरवलं. पोटच्या मुलीला तिच्या सातव्या वाढदिवशी, केक कापायच्या आधी हरवलं. ती रडायला लागली तर म्हणाले, "रडू नको. जिंकशीन तवा खरी जिंकशीन." अकोल्याला कृषी विद्यापीठात माती तपासणारा हा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर केस मोजकेच, अंगठ्याला मात्र लहानपणापासूनचे घट्टे.

मी अमरावतीला असतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. आमच्याकडे दोन साडूंनी एकमेकांकडे विनाकारण जाणं बरं दिसत नाही. बारसं, तेरवी, निदान एखादी सोयरीक तरी लागते. आम्हाला कारण होतं गेमचं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी सकाळची बस धरून अकोल्याला जायचो आणि संध्याकाळी हरून परत यायचो. त्यांचं ते जुनं कॅसेटचं यंत्र म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. कॅसेट घालण्याआधी तिच्यात फुंकर मारायची, ती तीनदाच, आणि तीही त्यांनीच. माझी फुंकर ओली असते असं त्यांचं प्रयोगशाळेतलं मत. मला मिळायचा तो दुसरा रिमोट, ज्याचं उडीचं बटण चारदा दाबल्यावर एकदा चालायचं. त्याला ते पाहुण्याचा रिमोट म्हणत. मी कुरकुर केली की विचारत, "बटन चांगलं असतं त तुमी काय येगळं करनार होते?" मी पोह्यांकडे वळायचो.

गेल्या उन्हाळ्यात ते यंत्र कायमचं गेलं. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलीने बाबांना नवंकोरं यंत्र घेऊन दिलं आणि साडूंना एकामागून एक धक्के बसू लागले. पहिला डबीचा. गेमची डबी आणून उघडली, तर आत नुसता एक कागद आणि त्यावर आकडे. चकती घालायची राहिली समजून ते भर उन्हात दुकानात परत गेले. दुकानदार म्हणाला, काका, डबी अशीच येते, गेम इंटरनेटवरून उतरवायचा असतो. घरी येऊन त्यांनी माठातलं दोन तांबे पाणी प्यायलं आणि मला फोन केला, "भाऊ, लोकं रिकामी डबी इकून राहिले. आन् लोकं घेऊन बी राहिले." गेम उतरायला तीन दिवस लागले. यंत्राला वाहिलेली झेंडूची फुलं सुकून गेली तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच. चौथ्या दिवशी खेळायला बसले तर आधी पानंच्या पानं अटी. साडूंनी चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या. मग कानाला लावलेल्या हेडफोनमधून, इंटरनेटवरून सोबत खेळणाऱ्या एका परक्या पोराचा आवाज आला. आलेल्याची विचारपूस करायची सवय, म्हणून साडू म्हणाले, "कहाँ के हो बेटा? खाना हुआ?" पोराने आईवरून शिवी दिली आणि गेममध्ये गोळी घातली. गोळीचं साडूंना काही वाटलं नाही. "मी जेवला का म्हनलं होतं," एवढंच ते दोन दिवस ज्याला त्याला सांगत होते.

पण खरा हादरा पुढेच होता. दुसरा रविवार जवळ आला म्हणून त्यांनी माझ्यासाठी दुसरा रिमोट आणून लावला, तर गेम दुसरा माणूस घेईचना. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आता एका टीव्हीवर दोघं नाही खेळत. काकांनी त्यांच्या घरी येगळं यंत्र घ्यावं. अमरावतीहूनच खेळतीन, येन्याजान्याची दगदगही नाही." साडूंनी फोन ठेवला आणि मला लावला. नेहमीचा दणदणीत आवाज पार बसला होता. "घरूनच खेळता येते म्हन्ते. मंग तुमी अकोल्याले येनार कायले?"

पंचवीस वर्षं मी तिथे खेळायला जातो असं मी स्वतःलाही सांगत आलो होतो.

तरी रविवारी बस धरलीच. साडूंनी विचारलं तर कारण काय सांगायचं, हे मूर्तिजापूर गेलं तरी ठरेना. त्यांनी दार उघडलं आणि सरळ टीव्हीसमोर नेऊन बसवलं. दिवाणाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये एकच रिमोट. त्याच गेममध्ये एकट्याने खेळायचा एक भाग होता, डोंगर चढणाऱ्या माणसाचा. "मेलं का दुसऱ्याले द्याचा," त्यांनी नियम केला. मी अर्ध्या मिनिटात मेलो. मग त्यांनी रिमोट घेतला आणि ते काही मरेनात. माझे पोहे संपले, चहा झाला, पेपरातल्या छोट्या जाहिरातीही वाचून झाल्या. त्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग सरळ सपाट वाटेवरून, जिथे खड्डा नाही की शत्रू नाही, तिथून आपला माणूस बाजूला वळवला आणि शांतपणे दरीत घातला.

"मेलो," ते म्हणाले आणि रिमोट माझ्यापुढे धरला.

सासऱ्यांना ज्याने सोडलं नाही त्या माणसाकडे मी थक्क होऊन बघत राहिलो. "पायता काय, धरा," ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, "तुमची पाळी हाये." मी रिमोट घेतला. समोरचा डोंगर धड दिसत नव्हता. नव्या रिमोटचं बटण चांगलं होतं, एकदा दाबलं की चालायचं. मी आपला चारदा दाबत होतो.