दहा किलो

लहानपनी आनंद व्हायला मला काय बी पुरायचं. पंचमीला झोका उंच ग्येला, की मी हसून हसून दमायची. आता दमते त्ये भ्यानं. मी सातवीपतुर शिकलेली, नीट लिवता येत न्हाई, पर सांगते.

माज्या पोराच्या काळजाला जन्मापासनं भोक हाय. कराडचं डाक्टर म्हनलं, दहा किलो वजन झालं की आपरेशन करू, त्येच्या आदी न्हाई. तवापासनं त्येच्या पोटात घास ग्येला की मला आनंद, आन् उलटला की मी पदरात तोंड घालून रडायची.

आमच्यात लेकराचं वजन करत न्हाईत, दिष्ट लागती म्हनं. म्हनून सासूबाई मळ्यात ग्येल्या की मी पोराला घिऊन गुपचूप दूध डेअरीत जायची. डेअरीवालं दादा दुधाचा क्यान खाली ठिवायचं आन् काट्यावर पोराला बसवायचं. ह्या थंडीत एक दिवस काट्यानं दहा दावलं. मी पुना बघितलं. दहाच. तशीच पळत घरला आले, मालक मुंबईला हमाली करत्यात, त्यास्नी फोन लावला, तर मला बोलताच यीना. ह्ये घाबरलं, "आगं, रडतीस कशापायी? पोरगं बरं हाय न्हवं?"

रजा काढून ह्ये आलं. कराडला नर्सबाईंनी पोराचा स्वेटर काढला, कानटोपी काढली, बूट काढलं. मग पायातलं चांदीचं तोडं काढून माज्या हातात दिलं. माज्या बानं दिवाळीला नातवाला घातल्यालं, लय जाड. त्ये हातात जड लागलं तवा मी काट्याकडं बघितलं. उघडं पोरगं काट्यावर बसवलं, तर साडेनऊ बी भरलं न्हाई. डाक्टर म्हनलं, आनखी थांबा.

यष्टी स्टँडपतुर ह्यांनी पोराला खांद्यावर घेतलं. मी म्हनले, "आवं, मला वाटलं समदं पोराचंच वजन हाय."

"मला बी वाटलं," ह्ये म्हनलं. "गोदामात समद्यास्नी चा पाजला मी, माजं पोरगं दहा किलोचं झालं म्हनून."

यष्टीत ह्यांनी पिशवीतनं केळं काढलं, मोडून पोराच्या हातात दिलं. त्येनं जरा चावलं, तोंडातच धरून बसलं. आमी दोगं बी त्येच्या गळ्याकडं बघत बसलो, गिळतंय का न्हाई.