माझा पायाळू पाय

परवा व्हिडिओ कॉलवर तू कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आजी, तुझा मॅजिक पाय लाव ना, माझी कंबर दुखतेय." तुझा भाऊ मागे हसत होता, तुझा बाप त्याहून मोठ्यानं. मी फोन कापला. तुम्हाला वाटलं असेल, रेंज गेली. रेंज गेली नव्हती. मला राग आला होता, आणि तो उतरायच्या आत हे लिहून काढायचं आहे.

बापानं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. मी जन्मले तेव्हा आधी पाय बाहेर आले. अशा माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण जाते, म्हणजे कंबरेत भरलेली चमक निघते, असा समज आहे. लग्न होऊन डोणगावात आले तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. पुढे तीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण सकाळी ओट्यावर कुणीतरी पालथं पडलेलं असायचंच. मी डावा पाय धुवायची, अंगठा तीनदा कंबरेला लावायची आणि शाळेत जायची. उसण अशीही दोन-चार दिवसांत उतरते, हे मला माहीत होतं. तरी कुणाला नाही म्हटलं नाही. खरं सांगते, आवडायचं मला. मोठमोठी माणसं माझ्या पायाशी पालथी पडायची.

चार वर्षांपूर्वी सोयाबीन बाजारात न्यायचं होतं. माझे धाकटे दीर, तुमचे धाकटे आजोबा, भरलेल्या ट्रॉलीवर चढून ताडपत्री बांधत होते. ओढता ओढता दोर तुटला आणि ते फाटकाजवळच्या दगडावर पाठीवर आदळले. मी धावत गेले.

"भाऊजी, उठू नका. नुसती पायाची बोटं हलवा."

बोटं हलली. दोन्ही पायांची. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"पायाले मुंग्या येऊन राह्यल्या, वहिनी," ते म्हणाले.

रुग्णवाहिकेला मीच फोन केला. यायला पाऊण तास लागेल, तोवर पेशंटला हलवू नका, असं त्यांनी बजावलं. पण पाऊण तास म्हणजे गाव जमायला पुष्कळ झाला. समोरच्या घरचे म्हातारे काठी आपटत आले. "पायाळू घरात हाय अन् गाडीची वाट काऊन पाहून राह्यले बे? पालथं करा त्याले!"

"कोणी हात लावू नका! मणका मोडला असेल," मी म्हणाले.

"मोडला असता तं बोटं हलली असती काय, मॅडम?" कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. माझी जाऊ रडत माझ्याकडे वळली. "साऱ्या गावाले पाय लावता, जाऊबाई. घरच्या माणसाले काऊन नाही?"

भाऊजी स्वतःच म्हणाले, "लावा वहिनी. मांगच्या साली तुमच्याच पायानं उठलो होतो."

तिथे मी बाजूला सरकले. भांडायला हवं होतं, त्यांच्या अंगावर आडवं पडायला हवं होतं. चौघांनी काखेत आणि मांड्यांखाली हात घालून त्यांना उलटं केलं. खांदे आधी वळले, कंबर मागून. ते एकदाच ओरडले. आणि मी पाय धुतला. हो, धुतला, नेहमीसारखा! अंगठा तीनदा लावला. जोर दिला नाही, असं मी चार वर्षं स्वतःला सांगते आहे. मग त्यांना उठवून बसवलं.

"आता कसं वाटते?" कुणीतरी विचारलं.

"मुंग्या गेल्या," भाऊजी म्हणाले.

लोक खूश झाले. म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्यलं? शिकली तरी पाय खोटा नाही बाईचा." मी बोटांकडे बघत होते. बोटं हलत नव्हती. मुंग्या गेल्या कारण पायच गेले होते.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. मी सगळं त्याला इंग्रजीत सांगितलं, कुठून पडले, किती वाजता पडले, बोटं हलत होती. त्याची मान वर आली. पडल्यावर कुणी हलवलं का, त्यानं इंग्रजीतच विचारलं. "नो," मी म्हणाले. तीस वर्षं शिकवलेली भाषा मला याच कामाला उपयोगी पडली.

आता भाऊजी चाकाच्या खुर्चीत असतात. लघवीला नळी आहे. जखमा होऊ नयेत म्हणून जाऊ रात्रंदिवस दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवते, आणि लोक तिच्या तोंडावर म्हणतात, नशिबात होतं. काय नशिबात होतं? चौघांचे हात नशिबात होते? दगडावर पडलेल्या माणसाला पाऊण तास पडून राहू देता येत नाही, याला नशीब म्हणायचं?

आणि लोकांना लाज नाही, ती नाहीच. मागच्या आठवड्यात पोती उचलून कंबर धरलेला एक जण माझ्या ओट्यावर येऊन पालथा पडला. "लावा मॅडम." त्याच ओट्यावर, भाऊजींच्या खुर्चीसमोर! मी इतकी ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "ऊठ बे. बाईचा पाय रिटायर झाला. माहे दोन घेऊन बसला."

तो गेला. भाऊजी हसले, मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "भाऊजी, डॉक्टरला मी त्या दिवशी खरं सांगितलं नव्हतं."

"मले माहीत हाय."

"कसं? आम्ही तर इंग्रजीत..."

"वहिनी, 'नो' समजाले इंग्रजी शिका लागते काय? तिथंच तं पडलो होतो मी." मग मांडीवरचं पांघरूण नीट करत म्हणाले, "चार वर्सं वाट पाह्यली, तुम्ही कधी सांगता म्हणून."

पोरी, कंबर दुखते तर तिथल्या डॉक्टरला दाखव. आणि बापाला म्हणावं, आजीच्या पायाची गोष्ट सांगायची तर मुंग्या गेल्या तिथपर्यंत सांग, आणि मग थांबू नकोस.