अप्पांच्या पेटीचा वास

शरणप्पाअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी चहाच्या डब्यात नाक खुपसत. नौबादला मी चहाचं हॉटेल टाकलं तेव्हाही तेच. हा गृहस्थ सरळ आत आला, डबा उघडून हुंगला आणि म्हणाला, "चहा साबणासंगं ठिवलास व्हय रे? लोकांनी प्यावं का आंघोळ करावी?" मी भडकलोच. मग बघितलं, तर फळीवर शेजारीच साबणाच्या वड्या होत्या.

अण्णा चहापत्तीच्या लाकडी पेट्या करत. हैदराबादच्या जुन्या घरांतल्या पेट्याही त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. शिवणीचं हलकं लाकूड, बाहेरून पोपट, वेली, कमळं. झाकण उघडलं की आत आणखी एक घट्ट झाकण. आतलं लाकूड मात्र कोरं, रंगाचा ठिपका नाही. "पेटीनं बाहीर किती बी नटावं, चहाला आपला वास लावू न्हाई," म्हणत. पेटी झाली की तिच्यात चहा भरून ठेवायचे, मग हुंगायचे. जरा शंका आली की गिऱ्हाईक कितीही तडफडो, पेटी मिळायची नाही.

त्यांच्याकडे स्पिरिट, तारपीन, जवसाचं तेल सगळं सारख्याच बाटल्यांत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, नावं तरी लिहा वर." तर नाकावर बोट ठेवून म्हणाले, "हितं लिहिलेलं हाय की!"

मग ती साथ आली. त्या तापाचं वाटोळं होवो! ताप उतरला आणि जाताना अण्णांचं नाक घेऊन गेला. गल्लीत सगळ्यांचा वास परत आला, यांचाच आला नाही. तव्यावर मिरच्या जाळल्या, कापूर नाकाशी धरला; डोळ्यांतून पाणी यायचं, वास नाही. अर्ध्या रंगवलेल्या पेट्या फळीवर तशाच पडल्या. "वास न घेता पेटी देऊ? त्यापरीस हात तोड माझे," म्हणत. जेवणावरची वासना गेली, माणूस निम्मा झाला.

घरात त्यांच्या वडिलांनी रंगवलेली एकच पेटी उरली होती. वडिलांच्या काळापासून तिच्यात चहा राहिलेला. तो वास लाकडात पार मुरला होता. "हिच्यात अप्पा हायत," असं अण्णा म्हणायचे. रोज सकाळी तिच्यात नाक घालून बसत. आज येईल, उद्या येईल.

एके दिवशी त्यांनी ठरवलं की दोष नाकाचा नाही, लाकडाचं तोंडच बुजलंय. चहा काढून ठेवला, स्पिरिटचा बोळा आतून चांगला फिरवला आणि पेटी घेऊन माझ्याकडे आले. "दत्तू, बघ बरं. अप्पा हायत का?"

मी नाक घातलं. तारपीन! बाटली चुकली होती. मागे महादेवीअक्का, त्यांची बायको, हात जोडून उभी होती. तिला घरीच कळलं होतं.

"हायत की, अण्णा," मी म्हणालो.

"तेवढ्या आशेवर उठायलेत रे ते," अक्का नंतर रडत म्हणाली. "सांगितलास तर हिरीत उडी टाकतील." त्यांची नजर चुकवून तिनं पेटी उन्हात ठेवली, कोळसा भरला, लिंबाचा पाला भरला. तारपीन काही हटेना. आणि अण्णा रोज विचारायचे, "हायत न्हवं?" आम्ही रोज म्हणायचो, हायत. त्यांचं नाक परत यावं म्हणून अक्का बसवण्णाला नारळ बोलायची, आणि येऊ नये म्हणून माझ्याजवळ रडायची.

गेल्या थंडीत अण्णा हॉटेलात माझ्याकडे पाठ करून बसले होते. एकदम म्हणाले, "दूध लागायलंय रे." मी घाईनं पातेलं उतरवलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णा उठून उभे होते, हसत होते, रडत होते. "आलं रे दत्तू! नाक आलं!"

कुणाच्या आनंदाला मी इतका कधी घाबरलो नव्हतो. "बसा अण्णा, आधी चहा घ्या," म्हणेपर्यंत ते रस्त्यावर पोचलेही. "अप्पाला भेटून येतो!"

हॉटेल तसंच टाकून मी मागे धावलो. अण्णा उंबऱ्यात बसले होते. पेटी मांडीवर, दोन्ही झाकणं उघडी. अक्का भिंतीला धरून उभी. ते ओरडले नाहीत. आपल्याच उजव्या हाताकडे बघत होते.

"रोज हायत म्हणत होताव तुमी," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी आतलं झाकण बसवलं, वरचं बसवलं, पोपटांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मग आता हे नाक कशापायी आलं रे, दत्तू?"