मिठाचा शेक

ह्यांच्या कानाखालची गाठ कापून तपासायला पाठवली, तर निघाला लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर. फार थोड्यांना होतो म्हणे. आमच्या नवागामच्या गल्लीला मात्र कारण आधीच ठाऊक होतं, सुपारी-तंबाखूचा मावा. माझ्या नवऱ्याने इथे परमुलखात बमरोलीच्या कापडाच्या लूमवर वीस वर्षं काढली, पण सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

पुढे मोठ्या दवाखान्यात जो तो एकच शब्द बोलायचा, शेक. सहा आठवडे शेक, आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टरीणबाईने बजावलं, शेकात खंड पडता कामा नये. त्या मशीनमधून काय निघतं, ते कोणी एका अक्षराने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्यात शेक म्हणजे शेक, त्यात विचारायचं काय?

चौथ्या आठवड्यात मशीन बिघडलं. उद्या या, म्हणाले. म्हणजे खंड पडणार! घरी येऊन तव्यावर खडेमीठ तापवलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलं आणि ह्यांच्या मानेवर धरलं. कातडी आधीच काळवंडलेली. हे कळवळले. मी म्हटलं, सोसा जरा, तुमच्याच भल्याचं आहे. बिचाऱ्यांनी सोसलं.

सकाळी तिथली कातडी सोलून निघाली. डॉक्टरीणबाईने पाहिलं आणि आठवडाभर उपचारच थांबवले. ज्या खंडाला मी एवढी भ्याले, तो माझ्याच हाताने पडला. वर चारचौघांत मला अडाणी म्हणाली.

"शेक द्यायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

तेव्हा कुठे तिने सांगितलं, मशीनमधून किरणं निघतात, ती आतून भाजतात; आणि कागदावर काहीतरी लिहीत बसली. मला वाटलं, आता तरी हा मेला शब्द बदलतील. कसलं काय!

आठवड्याने परत गेलो, तर खिडकीवरून तीच हाक, शेकवाले आत या. बाकावर आपल्या मराठी मुलखातलीच एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती, पहिलाच दिवस. मी तिच्याजवळ सरकले. म्हटलं, बाई, हा आपला शेक नाही, ही किरणं असतात, आतून भाजतात. घरी मीठ तापवू नको.

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. डॉक्टर तर शेकच म्हणतात, म्हणाली.

मी ह्यांना म्हटलं, "कॉलर खाली करा. दाखवा हिला."

ह्यांनी मुकाट्याने मान वळवली.